साळूबाईची उन्हाची बेगमी

एका जंगलात पाऊस पाहुण्यासारखा यायचा. उंबऱ्याशी उभ्याउभ्याच "सगळं बरं ना?" असं विचारायचा आणि चप्पलसुद्धा न काढता परत जायचा.

त्या जंगलात साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. साळिंदर म्हणजे तेच, बाळांनो, ज्याच्या पाठीवर लांबलांब काटे असतात. पण साळूबाईचे काटे नुसते दिसायला. स्वभावाने ती मऊ. वाटेत मुंगी आडवी आली तरी थांबायची आणि म्हणायची, "जा बाई, तू आधी."

ही साळूबाई एकदा एक नवस बोलली होती. झालं असं, की एका उन्हाळ्यात तिची लेक सुई तहानेने मलूल पडली. झरा आटलेला. वर सूर्य टळटळीत. साळूबाई बिळाबाहेर आली, तिने पदर पसरला आणि सूर्याला म्हणाली, "नारायणा, एक दिवस जरा ढगाआड जा. एक सर पडू दे. माझी सुई उठून बसली तर जन्मभर रोज तुझं दर्शन घेतल्याशिवाय घास घेणार नाही."

सूर्य तेव्हा कामात होता. पण एका आईने पदर पसरलेला. तो गेला ढगाआड. सर पडली. सुई उठून बसली आणि लगेच खायला मागू लागली.

आता तुम्ही विचाराल, ज्याचे आभार मानायचे ते तो लपला म्हणून, आणि बघायचं रोज त्यालाच, हा कसला नवस? पण घाईत बोललेले नवस असेच असतात. आणि त्या जंगलात हा नवस फार सोपा होता. तिथे सूर्याला न बघणंच अवघड. ना झाडाची सावली, ना ढगाचा आडोसा. डोळे उघडले की तो समोर, मिटले की पापणीतून आत. साळूबाई सकाळी दर्शन घ्यायची, हात जोडायची आणि मगच असेल ते तोंडात टाकायची. पुष्कळदा हात जोडून व्हायचे आणि टाकायला काही नसायचं.

पुढे झरा पुन्हा आटत चालला. करंगळीएवढा झाला. त्याच्यासाठी नंबर लावायला लागायचा. लांडगा मागून येऊन पुढे शिरला की आधीचे सगळे म्हणायचे, "असू द्या, असू द्या, आम्हाला काही घाई नाही."

साळूबाईच्या यजमानांचं नाव काटेराव. त्यांना एका बगळ्याने सांगितलं की घाटाखाली एक जंगल आहे, तिथे पाण्याला कुणी विचारत नाही.

"साळू, आपण तिकडेच राहायला जाऊ," काटेराव म्हणाले.

"अहो, न बघता कसं जायचं? परका मुलूख."

"मग बघून येऊ. पसंत पडलं तर सुईला घेऊन कायमचंच जाऊ. हा झरा काही पुढचा उन्हाळा काढत नाही."

ते खरंच होतं. साळूबाईने सुईला आत्याकडे ठेवलं, चांगले चांगले कंद फडक्यात बांधले आणि दोघं निघाली. महिना श्रावणाचा होता. घाट उतरता उतरता आभाळ खाली आलं. इतकं खाली आलं, की काटेरावांचे काटे त्याला टोचले असावेत, कारण ते लगेच गळायला लागलं.

घाटाखाली डुंबरे नावाचा बेडूक त्यांची वाट बघत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला बिळं दाखवणं हा त्याचा व्यवसाय. डोक्यावर अळूचं पान, पानाच्या कडेने पाण्याच्या धारा.

"या, या. अगदी वेळेवर आलात," डुंबरे म्हणाला. "आज उघडीप आहे."

साळूबाईने आभाळाकडे पाहिलं. तिच्या नाकात पाणी गेलं.

डुंबरेने बीळ दाखवलं. वडाच्या मुळाशी, ऐसपैस. "चोवीस तास पाणी," तो म्हणाला. "आणायला नको, साठवायला नको. नुसता भिंतीला हात लावा."

काटेरावांनी भिंतीला हात लावला. हात ओला झाला. त्यांनी तो चाटला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग ते बाहेर गेले, दारातून वाहणाऱ्या ओढ्यात बसले आणि तिथून उठायलाच तयार होईनात.

"साळू," ते आतून हाक मारावी तसे ओढ्यातून म्हणाले, "इथे एक अंघोळ झाली की दुसरी करता येते."

"करा," साळूबाई म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "डुंबरेभाऊ, इथे पूर्व कुठे?"

"पूर्व?" डुंबरे गडबडला. "वहिनी, आमच्याकडे येणारे पाण्याचं विचारतात. पूर्वेचं आजवर कुणी विचारलं नाही."

"सूर्य कुठून उगवतो ते बघायचं होतं."

"सूर्य ना? आहे की. आमच्याकडे सगळी सोय आहे."

"मग दिसत नाही तो?"

"दिसतो म्हणजे काय, चांगला लख्ख दिसतो," डुंबरे म्हणाला. "परवापरवाच होता. वैशाखात."

साळूबाईला भूक लागली होतीच, आता काळजीही लागली. प्रवासाच्या सकाळी तिने दर्शन घेऊन निघताना खाल्लं होतं, त्यानंतर काही नाही. ती वडाच्या मुळावर बसली आणि जिकडे पूर्व असेल असं तिला वाटलं तिकडे तोंड करून वाट बघू लागली. दिवस गेला. आधी करडं आभाळ होतं, मग काळं झालं, सकाळी पुन्हा करडं झालं. फडक्यातले कंद तसेच राहिले. त्यांना मोड आले.

शेजारपाजाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. पलीकडच्या दगडाखाली कुर्लीआजी राहायची. ती खेकडीण होती, वयाने सगळ्यात मोठी आणि चालायची तशीच तिरकं बोलायची. तिने पाहुण्यांसाठी भाजलेल्या आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, आणि अळूची भाजी आणली. साळूबाईने हात जोडले आणि ताट बाजूला ठेवलं. कुर्लीआजीने ते पाहिलं.

"आमच्या हातचं चालत नाही का गो तुला?"

"तसं नाही हो, आजी."

"काटेवाल्यांचं सोवळं कडक असतं म्हणे," गोगलवहिनी म्हणाली. ही गोगलगाय आजीच्या मागून निघाली होती आणि आत्ता पोचत होती. घर पाठीवरच असल्यामुळे तिला कुठेही बसायला उशीर होत नसे. "आमचं ओलं खाणं त्यांना कसं आवडणार?"

साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलखात ते कुणाला दिसलं नाही. मग तिने नवसाची सगळी गोष्ट सांगितली.

ऐकून आजीचा राग गेला. पण सगळ्या जंगलाला दुसराच राग आला. आमच्याकडे सूर्य नाही म्हणजे काय? पाहुणी उपाशी राहते म्हणजे काय? हा साऱ्या जंगलाच्या अब्रूचा प्रश्न झाला.

शेकरूभाऊजी म्हणजे तांबूस मोठी खार. ते उंच झाडाच्या शेंड्यावर जाऊन आले. "आहे," ते खाली येऊन म्हणाले. "नक्की आहे. एका बाजूला ढग जरा कमी काळे आहेत."

"दिसला का?" साळूबाईने विचारलं.

"दिसला असं नाही. पण जाणवला."

गोगलवहिनीने पानावर बसवून एक काजवा आणला. "हासुद्धा उजेडच देतो की. नातलग असेल त्याचा." काजवा बिचारा लाजून विझला.

मग डुंबरे एक पळसाचं पान घेऊन उड्या मारत आला. ही त्याची जाहिरात. तिच्यावर वडाखालचं बीळ रंगवलेलं होतं आणि बिळाच्या वर चांगला गोल, हसरा सूर्य.

"घ्या दर्शन," डुंबरे म्हणाला. "आमच्याच बिळावर आहे."

साळूबाईला आशा वाटली. "हे चित्र काढलं तेव्हा ऊन पडलं होतं?"

डुंबरेचा धंदा बिळांचा असला तरी उपाशी बाईसमोर त्याला खोटं बोलवेना. "ऊन नव्हतं. सूर्य आम्ही मागाहून घातला. त्याच्याशिवाय कुणी बघायलाच येत नाही."

साळूबाईने पान त्याला परत दिलं. मग ती ओढ्याकाठी गेली. काटेराव अजून पाण्यातच होते.

"अहो, मी काय म्हणते, तुम्ही सुईला घेऊन इथे या. पोर पाण्यात खेळेल. मी तिकडेच राहते. सणासुदीला येत जाईन."

"सणाला येऊन उपाशी बसशील?"

"बघू."

"अगं, खाऊन टाक थोडंसं. एवढ्या ढगांतून त्याला काय दिसतंय?"

"म्हणूनच तर खाववत नाही. तो बघत असता तर माफी मागितली असती. मला भीती वाटते. ज्याच्यामुळे पोर वाचली, त्याला दिलेला शब्द मोडला आणि पोरीला काही झालं तर?"

काटेराव आल्यापासून पहिल्यांदाच पाण्याबाहेर आले. त्यांच्या काट्याकाट्यातून पाणी गळत होतं.

"मग सगळेच परत जाऊ," ते म्हणाले.

"आणि झरा?"

काटेरावांनी काट्यांतलं पाणी झटकलं. दोघं ओल्या गवतात बसली. इकडे पोरीला पाणी, तिकडे बायकोला दर्शन. एका बिळात दोन्ही मावेना.

तेवढ्यात कुर्लीआजी आडवी आडवी चालत तिथे आली. तिने ते मघाचंच ताट परत आणलं होतं.

"नवस कसा बोललीस? शब्दन् शब्द सांग बघू."

साळूबाईने सांगितला.

"रोज बघेन आणि घास घेईन. बरं. ज्या दिवशीचं दर्शन त्याच दिवशी जेवीन, असं बोललीस?"

"तसं बोलले नाही, पण मनात तेच होतं."

"मनातलं त्याला ऐकू जात असतं तर पदर पसरायला उन्हात कशाला गेली असतीस? बिळातच बसली असतीस." आजीने ताट खाली ठेवलं. "बाय माझे, तुझं चुकलं काय ते मी सांगते. तू दर्शन ताजं घेत आलीस. आमच्या मुलखात ताजं काही मिळत नाही. आम्ही पावसाच्या आधी आगोट भरतो."

"आगोट म्हणजे?"

"चार महिन्यांची बेगमी गो. मीठ, मिरची, कोकमं, जवळ्याची सुकी मासळी, सुकी लाकडं. आणि हे सगळं भरून झालं की आम्ही बायका कातळावर जाऊन बसतो आणि दर्शन भरून घेतो. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत, अंग भाजेपर्यंत. मग श्रावणभर रोज त्यातलंच थोडं थोडं काढतो. माझाही रविवारचा नेम आहे. मी काय उपाशी बसते?"

साळूबाई विचारात पडली. "पण आजी, दर्शन असं साठवलेलं राहतं?"

"मासा राहतो, मग देव नाही राहायचा?"

काटेरावांना हे एकदम पटलं. साळूबाईला पटावंसं वाटत होतं, पण तिचा चेहरा उतरला.

"मी आगोट भरलीच नाही, आजी."

"नाही? तुमच्याकडे तो दिवसातून किती वेळा दिसायचा?"

"किती वेळा म्हणजे? मावळेपर्यंत दिसतच राहायचा. पाणी आणायला गेले तर समोर, परतताना पाठीवर. डोळ्यांवर हात धरला तर बोटांच्या फटीतून."

"आणि जेवायचीस किती वेळा?"

साळूबाई खाली बघून म्हणाली, "असलं तर एकदा."

"मग बाय," कुर्लीआजी म्हणाली, आणि या वेळी ती सरळ बोलली, "तुझं दर्शन सगळं घेऊन झालंय. जेवायचंच तेवढं राहिलंय."

पाऊस जरा हळू पडायला लागला. साळूबाईला पूर्व अजून कळली नव्हती, म्हणून तिने चारही दिशांना हात जोडले. मग आठळी सोलली आणि तोंडात टाकली. ती गार झाली होती. तरी साळूबाईने ताट इतकं स्वच्छ केलं की गोगलवहिनीला त्यात स्वतःची शिंगं दिसली.

काटेराव जाऊन सुईला घेऊन आले आणि बिऱ्हाड वडाखाली थाटलं गेलं. सुईच्या काट्यांवर पहिल्या आठवड्यात बुरशी आली. ती काढायला शेजारणींनी त्यांना चुलीवर दोरी बांधून दिली. सुई तिथे लटकून वाळायची आणि वाळली की पुन्हा ओढ्यात उडी मारायची.

पण खरी गंमत भाद्रपदात झाली. पाऊस लांबला. शेजारणींची मिरची संपली, लाकडं संपली, आणि कातळावर भरलेलं दर्शनही संपत आलं. एका दुपारी गोगलवहिनी दारात आली.

"साळूबाई, जरासं ऊन आहे का हो?"

साळूबाईने तिला आत बसवलं आणि सांगू लागली. माळावर ऊन कसं असायचं. दगड कसे तापायचे. भिजवलेलं फडकं दोरीपर्यंत नेईस्तोवर कसं वाळायचं. गोगलवहिनी डोळे मिटून ऐकत राहिली. तिच्या अंगाला चक्क घाम फुटला. मग ती समाधानाने घरी जेवायला गेली, म्हणजे आपल्या पाठीवरच्या घरात शिरली.

तेव्हापासून रोज कुणी ना कुणी यायचं. कुणी येताना कोकमं आणायचं, कुणी मूठभर जवळा. सगळ्या जंगलात साळूबाईसारखी श्रीमंत बाई नव्हती. डुंबरेने आपली जाहिरात बदलली. वडाशेजारचं रिकामं बीळ रंगवलं, सूर्य पुसला आणि त्या जागी लिहिलं, "शेजारी उन्हाळी बाई राहते."

एकदा आश्विनात सूर्य स्वतःच बाहेर आला. सगळं जंगल धावत सुटलं. साळूबाई तेव्हा जेवायला बसली होती. तिने तोंडातला घास गिळला, मान वर करून हसून म्हणाली, "या, बसा. आत्ताच तुमचं दर्शन घेऊन जेवायला बसले." सूर्य जरा बुचकळ्यात पडला. पण ताटात भाजी होती, कडेला दोन आठळ्या होत्या, आणि पलीकडे सुई ओल्या अंगाने भातावर भात मागून घेत होती. ते बघून तो काही बोलला नाही.

तात्पर्य: परमुलखात राहायला जाताना आपल्याकडचं चांगलं ते बांधून नेऊ नये, त्याला मोड येतात. ज्याचा फार जाच झाला तेच सोबत न्यावं. शेजारी तेच मागायला येतात.

तेव्हा बाळांनो, उद्या अंगणात ऊन आलं तर "काय हे ऊन" असं म्हणून आत पळू नका. घटकाभर बसा आणि साळूबाईसारखं थोडं भरून ठेवा. आणि कुणी ओलं होऊन दारात आलं, तर त्यातलं वाटीभर काढून द्या.