आप्पांच्या रक्ताचा निकाल

आमच्या लिंबागणेशात ग्रामपंचायतीचा निकाल पाच वर्षांनी लागतो, आप्पांच्या रक्ताचा दर तीन महिन्यांनी. आणि तो आप्पा स्वतःच जाहीर करतात. माझ्या रक्ततपासणीच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, रिपोर्टचा कागद हातभर लांब धरायचा आणि सुरू. समोरच्या हॉटेलातली मंडळी चहा घ्यायची थांबून ऐकत असतात.

"साखर, म्हंजी सरपंच. जाग्यावर हाय. वाईट चरबी, म्हंजी विरोधी पॅनल. घसरलं! चांगली चरबी, म्हंजी आपली मानसं. कमी हायेत, पर फुटली न्हाईत. आन् हे ट्रायग्लिसराइड..." इथे आप्पा हमखास थांबतात. "हे अपक्ष. ह्यांचा काय बी भरवसा न्हाई. ज्याच्या मांडवात जेवान, त्याच्या मागं." मग चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत विचारतात, "हरकत कुनाची?"

कुणाचीच नसते.

"मंजूर!"

आप्पा एका टर्मला पंचायत समितीचे सदस्य होते. पुढच्या निवडणुकीत पडले, पण सभागृह काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. मधुमेह झाला तेव्हा गावातल्या इतर लोकांनी तोंडं पाडली, आप्पांना मात्र पुन्हा काहीतरी चालवायला मिळालं. सकाळच्या चालण्याला ते 'प्रचार' म्हणतात. हात जोडत, दारोदार विचारपूस करत, बिनसाखरेचा चहा नाकारत आणि मग घेत त्यांची फेरी चालते. लग्नाच्या पंगतीत वाढप्या तुपाची वाटी घेऊन आला की ताटावर हात आडवा धरतात आणि शेजारच्याकडे बोट दाखवतात, "तिकडं वाढ. ते आपल्या विरोधात हायेत."

थट्टा सोडा, पण माणूस चुकीचं सांगत नाही. मधुमेहात साखर चढली की ट्रायग्लिसराइड वाढतात आणि चांगली चरबी उतरते. आप्पांच्या भाषेत, "सरपंच बिघडला की अपक्ष माजत्यात आन् आपली मानसं गळत्यात." मीही आता पेशंटांना असंच सांगतो. माझा वेळ वाचतो आणि त्यांना कळतं.

आप्पांच्या घरी दुसरं दुखणं त्यांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं. त्यांना आमवात आहे. वयाने गुडघे कुरकुरतात तसला हा प्रकार नाही. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, मनगटं सुजलेली, ऊन वर येईपर्यंत पाण्याचा तांब्या उचलवत नाही. बीडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार सांध्यांपुरता राहत नाही. बोटं वाकवतो, डोळे कोरडे पाडतो, पुढे फुफ्फुसाला आणि हृदयालाही धरू शकतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी दिली आणि बजावलं, "सूज उतरेपर्यंत हातांना विश्रांती."

गोळीचं आप्पांनी बघितलं. तिचं नाव त्यांनी 'बाजाराची गोळी' ठेवलं, आणि आठवडी बाजाराची पिशवी खांद्याला लावायच्या आधी ते ती काकूंच्या हातावर ठेवत. विश्रांतीचं मात्र कुणाच्या बापाला जमेना. कारण भाकरी.

काकूंची ज्वारीची भाकरी म्हणजे काय, हे खाल्लेल्यालाच माहीत. कागदासारखा पापुद्रा, कड कुठे फाटलेली नाही, आणि टम्म फुगलेली. दोन्ही मुलं पुण्याला, सुना तिकडेच. शेजारच्या पारूबाईने "मी टाकून देत जाईन दोन भाकरी" म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "कावून? मी काय मेले का?" आणि सुजलेल्या बोटांनी परातीत थप थप चालूच. बाहेर ओसरीवर बसलेले आप्पा प्रत्येक थपेला तोंड कडू करत.

एक दिवस आप्पा माझ्या पायरीवर चढले. हातात रिपोर्टही नव्हता.

"डाक्टरनं मला भाकर बंद केलीय," त्यांनी जाहीर केलं. "ज्वारीत अपक्ष लपून बसलेले असत्यात. आता नुसता भात. हरकत कुनाची?"

मी आत सुई बदलत होतो. हरकत माझी होती, पण तोवर ठराव मंजूर होऊन गावभर गेला. आठ दिवसांत हॉटेलातल्या अर्ध्या मंडळींनी भाकरी सोडली. भाकरी सोडून खायचं काय? तर बेकरीची खारी! पारूबाई तावातावाने दुकानात आली. "आमचं माणूस सकाळ-संध्याकाळ खारी चहात बुडवून खायलंय. म्हनतंय, तब्येत करतो. कुनी सांगितलं हे, तुमी का?"

मी त्याच संध्याकाळी आप्पांना गाठलं आणि विचारलं की कोणत्या डॉक्टरांनी ज्वारी बंद केली. आप्पांनी मला दंडाला धरून पडद्याआड नेलं.

"गप बस बे. भाकर चांगली असती हे मला कळंना व्हय? पर तुझी काकू थापाय बसती तवा तिचं तोंड बघितलंस का कधी? तिच्या दुखन्यासाठी थांब म्हनलं तर थांबत न्हाई. माझ्या दुखन्यासाठी लगीच थांबली बघ."

मी ते गुपित राखलं. पारूबाईच्या नवऱ्याला तेवढं बाजूला घेऊन खारीतल्या तुपाची कुंडली सांगितली.

काकू विजेच्या कुकरला भात लावू लागल्या, बटण दाबून मोकळ्या. आप्पा सकाळी भात, रात्री भात, आणि वर चवीने खाल्ल्याचं सोंग. भाकरीवर वाढलेला गडी तो, भाताने पोट भरेना म्हणून आणखी भात. पुढचा निकाल लागला तेव्हा सरपंच पार वर चढून बसला होता आणि अपक्षांनी तर धुमाकूळ घातला होता. आप्पांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. बाहेर मंडळी वाट बघत होती.

"फेरमोजनी चालू हाय," एवढंच बोलून ते पायरी उतरले.

मी मागे धावलो. "आप्पा, हे असंच राहिलं तर हृदयावर बेतेल. काकूंना खरं सांगून टाका."

"माझं रक्त परत जाग्यावर आनता येतंय, सुदाम," ते म्हणाले. आवाज सभेतला नव्हता. "तिची बोटं एकदा वाकली की परत सरळ व्हायची न्हाईत."

त्या माणसाचा मला राग आला आणि त्याहून जास्त माया वाटली.

चार-आठ दिवसांत काकू त्यांच्या महिन्याच्या तपासणीला आल्या. गोळी लागू पडली होती, मनगटाची सूज बरीच उतरली होती. मी शीर शोधत होतो.

"ह्यांचं रक्त भातानं बिघडलं ना रे?" काकूंनी विचारलं.

मी कापसाच्या बोळ्यात फार लक्ष घातलं.

"लपवू नको. डाक्टर ह्यांना तपासत होते तवा मी काय बाहेर बसलेते? शेजारच्याच खुर्चीवर होते. भाकरीचं कुनी नाव बी काढलं न्हाई."

"मग काकू, इतके दिवस बोलला का नाहीत?"

काकू हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मला सुई मागे घ्यावी लागली. "लग्न झाल्यापासून ह्या मानसाला माझ्यापुढं एक खोटं धड बोलता आलं न्हाई. हे पयल्यांदा जमलं. लई खूश होते बघ. कशाला मोडू?" मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "पर आता बास. त्यांनी माझी बोटं राखली, आता त्यांचं काळीज मला राखाय पायजे."

आणि घरी जाऊन त्यांनी आप्पांना तोडीस तोड थाप मारली. म्हणाल्या, डॉक्टरांचा फोन आला होता. ज्वारी चालते, तांदूळ बंद. शिवाय आमवाताला घरच्या माणसाच्या हातची गरम भाकरी फार गुणकारी.

"घरचा मानूस म्हंजी कोन?" आप्पांनी विचारलं म्हणे.

"घरात दुसरं कोन हाय?"

पुढच्या तिमाहीचा रिपोर्ट द्यायला मी मुद्दाम घरी गेलो, तेही जेवायच्या वेळेला. आप्पा गॅसपुढे पाटावर बसले होते. बाह्या वर, मिशीला पीठ. काकू खुर्चीवर बसून सभा चालवत होत्या.

"पानी लई झालं. कड दाबा, कड! आता उचला. न्हाई, दोनी हातानं."

भाकरी तव्यावर पडली तेव्हा हुबेहूब बीड जिल्ह्याचा नकाशा झाली होती, आष्टीकडची बाजू लांब बाहेर निघालेली. मी रिपोर्ट सांगितला. साखर खाली आली होती, ट्रायग्लिसराइडही उतरले होते. आप्पांनी नुसती मान हलवली. त्यांचं लक्ष तव्यावर होतं.

मग आम्ही जेवायला बसलो. काकूंच्या हातांची सूज गेली असली तरी भाकरी मोडायचा जोर बोटांत अजून आला नव्हता. आप्पा मला येत्या निवडणुकीत कोण कुणाच्या विरोधात उभं राहणार ते सांगत होते. सांगता सांगता त्यांनी काकूंचं ताट पुढे ओढलं. भाकरीचे बारीक तुकडे केले, त्यावर आमटी ओतली, बोटांनी मऊ कुस्करली. करपलेले, कडक तुकडे वेचून आपल्या ताटात टाकले. ताट परत सरकवलं. हे सगळं त्यांनी खाली न बघता केलं.

काकूंनी पहिला घास घेतला. आप्पा बोलता बोलता थांबले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"चांगली झाली," काकू म्हणाल्या.

चांगली मुळीच झाली नव्हती. त्याच परातीतली माझ्याही ताटात होती, आणि ती चावता चावता माझं कानशील दुखायला लागलं होतं. पण आप्पांचा चेहरा असा काही फुलला, की मी आणखी एक मागून घेतली.