इवली टिटवीची स्वखुशी

एका जंगलात एक टिटवी होती आणि तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बाळांनो, टिटव्या आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपतात, असं म्हणतात. ही टिटवी आभाळाचं केव्हाच विसरली होती. तिला काळजी होती ती पसंती-दिनाची.

झालं असं, की सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. "येत्या पसंती-दिनी प्रत्येक पिल्लू आपलं घर आपण निवडेल. कुठलंही झाड, कुठलीही फांदी. लहान-मोठा भेद नाही!" अट एवढीच, की फांदीवर बसायचं आणि कारकुनानं दहा मोजेपर्यंत हलायचं नाही.

किती न्यायाचं! सगळ्या जंगलानं टाळ्या वाजवल्या. टिटवीनंही वाजवल्या. मग तिनं आपल्या पायांकडे पाहिलं.

टिटवीच्या पायाला मागचं बोट असतं, पण नावापुरतं. फांदी धरणार कशानं? म्हणून टिटव्या पिढ्यान् पिढ्या नदीकाठच्या रेतीत राहतात. आणि तिथूनच म्हशी पाण्यावर जातात. या टिटवीच्या चार अंड्यांपैकी तीन म्हशींच्या खुरांखाली गेली होती. उरली ती एकटी इवली.

टिटवी शिकलेली होती. मुलांना निवड करू द्यावी, म्हणजे ती स्वतंत्र होतात, हे तिनं कुठंसं ऐकलं होतं. म्हणून ती इवलीला नेहमी दोन गोष्टी विचारायची. "आधी किडा खातेस की आधी अळी?" "आधी डोळे मिटतेस की आधी झोपतेस?" इवली गंभीरपणे विचार करून एक निवडायची. आपण पोरीला फसवतो की काय, असं टिटवीला वाटायचं. पण झोपायची बिचारी!

पसंती-दिनाच्या सकाळी टिटवीनं एक युक्ती केली. बाभळीचा डिंक आणून इवलीच्या तळपायांना फासला.

"चिकट चिकट होतंय गं, आई."

"होऊ दे. दहा अंकांचाच तर प्रश्न आहे."

आणि दोघी पसंती-दिनाच्या वडाकडे निघाल्या. टिटव्याच त्या! सवयीनं रेतीतून तुरुतुरु चालत गेल्या. वडाखाली पोचेपर्यंत इवलीच्या पायांत रेतीचे जाडजूड बूट चढले होते. डिंक संपला, चिकटपणा संपला. "उडत यायचं सुचलं कसं नाही मला!" म्हणत टिटवीनं कपाळावर पंख मारून घेतला.

वडाखाली सरडेराव कारकून वही उघडून बसले होते. जो समोर येईल त्याचा रंग घ्यायचा, ही त्यांची कामाची पद्धत. गरुडाचं पिल्लू शेंड्यावरच्या आपल्या घरट्यात घोरत होतं. सरडेरावांनी सोनेरी होऊन खालूनच दहा मोजले. "वा! काय निर्णय घेतो पोरगा!"

शेजारी बुलबुलीणबाई उभ्या होत्या. "आम्ही काही म्हणजे काही शिकवलं नाही हो आमच्या टिल्लूला. त्याचा तो बसला. मनातून हवं असलं ना, की जमतं."

टिटवीनं इवलीच्या रेतीच्या बुटांकडे पाहिलं. खरंच, आपणच हिला लहानपणी काठीवर उभं करायला हवं होतं का?

इवलीची पाळी आली. ती उडाली, फांदीवर टेकली.

"एक," सरडेराव म्हणाले. इवली घसरली.

पुन्हा टेकली. "एक." पुन्हा घसरली.

तिसऱ्यांदा ती 'दोन'पर्यंत पोचली आणि थेट सरडेरावांच्या वहीवर आपटली. सगळी पिल्लं खिदळली. इवलीही खिदळली.

"ठीक," सरडेराव म्हणाले. आता ते रेतीच्या रंगाचे झाले होते. "इवली टिटवी. निवड, नदीकाठची रेती. स्वखुशीने."

"अहो सरडेभाऊ, स्वखुशीने कुठली? तिथं म्हशी..."

"ताई, कुणी सक्ती केली का? कुणी अडवलं का? मग स्वखुशीच. वहीत दुसरा रकाना नाही."

टिटवी पेचात पडली. भांडावं, तर पोरीसमोर तमाशा. न भांडावं, तर म्हशी.

"हं बाळ, इथं पाऊल उमटव," म्हणत सरडेरावांनी कागद पुढे सरकवला.

इवलीनं पाऊल उचललं. तसंच अधांतरी धरलं. मग कागदाखाली डोकावून पाहिलं, वहीमागे जाऊन पाहिलं.

"दुसरा कुठाय, काका?"

"दुसरा काय?"

"दुसरा कागद. निवडायला दोन लागतात ना?"

सरडेरावांना कुठला रंग घ्यावा कळेना. ते पट्ट्यापट्ट्यांचे झाले. इवलीला त्यांची दया आली. आई रोज झोपवताना बोलते त्याच मऊ आवाजात ती म्हणाली,

"असं विचारायचं असतं, काका. बघा हं. आधी म्हशींची वाट बदलता, की आधी मला रुंद फांदी देता?"

तात्पर्य : निवडीचं स्वातंत्र्य सगळ्यांना अगदी सारखं द्यावं, फक्त मुलांना दोनपर्यंत मोजायला शिकवू नये.