भांडायला पुरेल एवढा दम

"हा व्यायाम आहे की खुनाचा प्रयत्न?" निवृत्त पोस्टमास्तरांनी कागद टेबलावर आपटला. त्यांचं वय एकाहत्तर, डावा गुडघा दुखरा. प्रत्येकाची प्रकृती पाहून व्यायाम आखून देणाऱ्या ट्रेनरबाईंकडे ते पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा आले होते.

बाईंनी कागद वाचला. 'वीस किलोची वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन पाच मजले. तीन फेऱ्या.' हा कागद अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी करणाऱ्या पहिलवान गड्याचा होता. म्हणजे त्याच्याकडे...

फोन वाजलाच.

"मॅडम, महिन्यावर चाचणी आलीय आणि मी खुर्चीत बसतोय नि उठतोय! भिंत धरून टाचा उचलतोय! आई विचारते, कुठं पडलास का रे?"

"अहो, मग विचारायचं नाही?"

"तुम्हीच खाली लिहिलंय, 'शंका न काढता नियमित करावे'!"

त्याला संध्याकाळी बोलावून बाईंनी फोन ठेवला. स्वतःचाच इतका संताप आला होता, की प्रिंटरलाही एक चापट बसली. पोस्टमास्तरांचा खरा कागद काढून त्यांनी पुढे केला. "माफ करा. अदलाबदल झाली. तुमचा हा."

पोस्टमास्तरांनी वाचला आणि ते आणखी लाल झाले. "खुर्चीत बसा, उठा? हा कुणा म्हाताऱ्याचा आहे?"

"तुमचाच!"

"मी काल पाच किलो पीठ घेऊन एका दमात तीन मजले चढलो. पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं एकच चढलो होतो."

"मग भांडायला कशाला आलात?"

"वीस किलो माणूस उचलतो का या वयात? दहा लिहा!"

आता बाईंचाही तोल गेला. "अहो, पण एवढं चढायचंय कशाला तुम्हाला?"

पोस्टमास्तर पहिल्यांदाच खाली बसले. "वय विचारलंत, वजन विचारलंत, गुडघा दाबून पाहिलात. हे विचारलंच नाहीत." त्यांनी घसा खाकरला. "आमची लिफ्ट चार महिने बंद आहे. घर तिसऱ्या मजल्यावर. बायको चाकाच्या खुर्चीत. चार महिने तिनं रस्ता पाहिलेला नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं ऑफिस पाचव्या मजल्यावर. तक्रार समक्षच घेतात."

"मग तिथली लिफ्ट?"

"तीही बंद! जिन्यानं वर पोचतो तोवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तो कारकून म्हणतो, 'आजोबा, पाणी प्या आणि सावकाश उतरा.'"

बाईंचे कान तापले. त्यांनी दोन्ही कागद फाडले आणि कोरा घेतला.

"वर पोचल्यावर किती वेळ भांडायचंय?"

"वीस मिनिटं तरी."

"ओझं नको. आधी गुडघ्याला बळ, खुर्चीवरच. मग दर आठवड्याला अर्धा मजला जास्त. प्रत्येक वळणावर थांबून श्वास. महिन्याभरात दम टिकेल."

पोस्टमास्तरांनी कागद निरखून पाहिला. "आणि आवाज वाढवायला काही?"

"त्याची तुम्हाला गरज नाही," बाई म्हणाल्या.