पेन्नुबला दिवस गेले

सणाला सासुरवाडीत भाजलेला हंस आणि वर गाडगी भरभरून बियर रिचवल्यापासून पेन्नुब पाथरवटाचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं होतं. ओवा-जिऱ्याने उतार पडेना, तेव्हा तो ताईत करणाऱ्या इपुईकडे गेला.

"होरस देवाच्या डोळ्याचा ताईत दे. पोट धरून राहिलंय."

"डोळे भट्टीत आहेत, उद्या निघतील," इपुई म्हणाला आणि त्याने बोटभर उंचीची निळी, चकचकीत तावेरेत देवी पुढे केली. पोट सुटलेली, दोन पायांवर उभी पाणघोडी. "तोवर ही घाल."

"अरे, ही गरोदर बायका घालतात."

"पोटाचीच देवी ना? आत काय आहे, ते ती बघत बसत नाही."

पेन्नुबला पटलं. त्याने ती कमरेच्या वस्त्रात दडवली. पण फुगलेल्या पोटाने गाठ सैल केली आणि थडग्याच्या कामावर, सगळ्यांच्या देखत, तावेरेत दोऱ्याला लोंबकळत बाहेर आली.

कुणी हसलं असतं तर त्याने सोसलं असतं. कुणी हसलं नाही. मुकादमाने जवळ येऊन हलकेच विचारलं, "कितवा महिना?"

"मुकादम, बियर आहे ती."

"पहिल्या खेपेला सगळेच लाजतात. घरी जा. घण उचलू नकोस."

पेन्नुबच्या आधी बातमी घरी पोचली होती. सासूबाई तखात सुईणीला घेऊनच आल्या होत्या. सुईणीने पोट दाबलं, कान लावला. आत गुडगुडलं.

"मुलगा आहे. लाथा मारतोय."

"तो वायू आहे हो, मावशी."

"नाव मागाहून ठेवू."

पेन्नुबने जेवणापर्यंत विरोध केला. मग अंजिरं आली, पायाखाली उशी आली, शेजारणी वारा घालू लागल्या. कलत्या उन्हाला पोट हलकं झालं, तरी तो अधूनमधून कण्हत राहिला.

एवढ्यात त्याची बायको हुनरो घाटावरून रिकामीच घागर घेऊन आली, दारातच टेकली आणि म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत."

तखातने कपाळाला हात लावला. "तुला हीच वेळ सापडली? घरात एक अवघडलेलं माणूस असताना? पाणी कोण भरणार आता?"

हुनरो नुसती नवऱ्याकडे बघत राहिली. पेन्नुब मुकाट्याने उशीवरून पाय काढून उठला, रिकामी घागर खांद्यावर घेतली आणि नदीची वाट धरली.

घाटावरच्या बायकांनी बाजूला सरून त्याला वाट दिली. त्यांतली एक म्हातारी मायेने म्हणाली, "चाल बाबा, चाल. सुटका लवकर होते."