शंभर टक्क्यांचा वॉर्ड

"साहेब, या शहरात एक जरी बाळ लसीवाचून राहिलं असेल ना, तर ते मी खुर्चीवरून न उठता शोधून देतो!" असं मी मोठ्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. देवाशप्पथ, माझा स्वतःवर विश्वास होता!

आरोग्य खात्यात आकडेवारी बघतो मी. नवव्या महिन्यातली गोवराची लस कुठल्या वॉर्डात किती बाळांना वेळेवर मिळते, याचा नकाशा मी कॉम्प्युटरवर बनवला. सिस्टरनी नोंद केली की टक्का आपोआप बदलणार. ऐंशीच्या वर हिरवा रंग, खाली पिवळा, साठच्या खाली लाल. आणि लाल झाला की त्या सिस्टरच्या बदलीचं पत्र आपोआप छापून येणार! ही शेवटची कल्पना साहेबांची. पण ती बसवली मी. वशिलेबाजी नको म्हणून पत्र रद्द करायची सोयच ठेवली नाही, आणि खाली 'तयार करणार' म्हणून माझं नाव घातलं. हौस हो, दुसरं काय!

नकाशा भिंतीवर झळकला. चार नंबरचा वॉर्ड हिरवागार, शंभर टक्के! शेजारचा सात नंबर जेमतेम साठ. दोनशे बाळं, त्यातली वेळेवर एकशेवीस. दोन्हींच्या मध्ये फक्त एक रस्ता! साहेबांनी चारच्या सिस्टरना शनिवारी बक्षिसाची ढाल द्यायचं जाहीर केलं आणि सातच्या सिस्टरना माझ्यासमोर उभं केलं.

पन्नाशीच्या बाई, झिजलेल्या चपला, काखेत जाडजूड वही.

"सिस्टर, पलीकडे शंभर आणि तुमच्याकडे साठ?"

"पलीकडच्या वहीत कोण कोण आहे, ते बघितलंत?"

"आकडे बघितले ना!"

"मी दारोदार हिंडते हो. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत जाते. बाळ उशिरा सापडलं तरी टोचते आणि 'उशिरा' म्हणून लिहिते. नाही लिहिलं तर माझाही शंभर होईल."

मला वाटलं, बाई सबबी सांगतायत. मी त्यांना टक्केवारी म्हणजे काय, ते फळ्यावर काढून दाखवलं! त्यांनी शांतपणे बघून घेतलं. आठवलं की आजही कान गरम होतात.

त्या संध्याकाळी जेवताना मी बायकोला ऐकवलं, "आपण राहतो तो चार नंबर! शंभर टक्के! एकही बाळ सुटलेलं नाही!"

बायकोने उंच खुर्चीत बिस्कीट कुस्करत बसलेल्या छकुलीकडे बोट केलं. "मग ही कोण?"

"म्हणजे?"

"चौदा महिन्यांची झाली. गोवराची लस राहिलीय तिची. तीनदा सांगितलं तुला! 'सिस्टर घरी येतील, सगळी यंत्रणा लावलीय' म्हणालास. सात नंबरात होतो तेव्हा यायच्या. इथे आल्यापासून आठ महिन्यांत कुणी बेलसुद्धा वाजवलेली नाही!"

गोवराने गेलेल्या बाळांचे तक्ते मीच भरतो हो. त्या रात्री छकुलीच्या कपाळावर मी इतक्यांदा हात ठेवला की शेवटी तिनेच तो ढकलून दिला.

सकाळी तिला कडेवर घेऊन चारच्या दवाखान्यात. छान पडदे, माशांची काचपेटी, रांग नाही.

"यादीत नाव नाही," सिस्टर म्हणाल्या.

"यादीत नाव येतं कसं?"

"जे येतात, त्यांचं येतं."

"मग आम्ही आलो की! घाला."

"अहो, उशिरात पडेल ती! शंभर मोडेल. शनिवारी ढाल आहे. तुम्ही असं करा, सोमवारी या ना!"

मी तणतणत साहेबांकडे. "साहेब, चारचा आकडा पोकळ आहे! माझीच मुलगी राहिलीय त्यात!"

"तुमची?" साहेबांनी चष्मा काढला. "आणि लसीचे नकाशे तुम्ही काढता? बाहेर बोलू नका हे कुठे!"

मग तसाच रस्ता ओलांडून सात नंबरला. सिस्टरनी छकुलीला बघताच हात पुढे केले. "आली का माझी बाय! घर बदललंत तेव्हा चारला चिठ्ठी पाठवली होती मी." वजन केलं, सुई टोचली. छकुली किंचाळली, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडलो. सिस्टरनी वही उघडली आणि माझ्या डोक्यात गणित सुरू झालं. दोनशेएकात एकशेवीस. एकोणसाठ पूर्णांक सात!

"सिस्टर, लिहू नका!"

"का बरं?"

"साठच्या खाली जाताय! बदली होईल तुमची!"

"आणि नाही लिहिलं, तर पुढच्या डोसला हिला शोधणार कोण? तुम्ही?"

त्यांनी ठळक अक्षरात नाव लिहिलं, पुढे 'उशिरा'.

शनिवारी चारच्या सिस्टरना ढाल मिळाली. मी टाळ्या वाजवल्या. नोकरी आहे हो!

सोमवारी कुणी हात न लावता प्रिंटर घरघरला. बदलीचं पत्र. खाली माझं नाव. मी वायर उपटेपर्यंत साहेबांच्या टेबलावर दुसरी प्रत निघाली होती. मी पाया पडायचा बाकी राहिलो. "आपोआप आहे ना ते?" साहेब म्हणाले, "मग आपण काय करणार?"

सातला नव्या सिस्टर आल्या. चुणचुणीत, नवी कोरी वही. महिन्याभरात सात नंबर शंभर टक्के! साहेबांनी मला फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र दिलं.

परवा छकुलीच्या पुढच्या डोसची तारीख विचारायला मी तिथे गेलो. नव्या सिस्टरनी वही दोनदा चाळली आणि गोड हसल्या.

"अशी कुणी मुलगी आमच्याकडे नाही, सर."

बायकोला अजून सांगितलेलं नाही. प्रशस्तिपत्रही ऑफिसातच ठेवलंय, कपाटामागे.