पोकळ झेंडू

गेल्या दसऱ्याचं तोरण उतरवताना पद्माकर लिमयेने त्यातली वाळकी फुलं टाकली नाहीत. ती डब्यात भरली आणि पुढच्या वर्षी दाराला घरचाच झेंडू लागेल, असं जाहीर केलं. चुकलं ते एवढंच. (बाकीचं मग आपोआप चुकत गेलं.)

परदेशात, बेडोकमधल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर, त्याच्या फ्लॅटसमोरच्या कॉरिडॉरमध्ये अकरा कुंड्या आल्या. रोपं कमरेएवढी झाली. पण दसरा तीन आठवड्यांवर आला तरी कळ्या सैल, पोकळ, नुसती हवा भरल्यासारख्या. बोट लावलं की पाकळ्या हातात. त्याची बायको नीता म्हणाली, टेक्काच्या भारतीय बाजारातून फुलं आणू की. हे त्याला फार लागलं.

पद्माकर पाया लेबार भागातल्या एका कंपनीत सपोर्ट मॅनेजर. अडचण आली की नेमकी लक्षणं लिहायची, फापटपसारा नको, हे तो टीमला सोळा वर्षं शिकवत आला होता. त्याच शिस्तीत त्याने ऑफिसात बसून इंटरनेटवर विचारलं: झाड बाहेर ठेवलंय, कळ्या सैल आणि पोकळ, उपाय काय? झाडाचं नाव तेवढं राहिलं. उत्तरं मात्र धडाधड आली. जगभर इतकी माणसं झेंडूसाठी जीव टाकतात हे पाहून त्याला भरून आलं. एकाने तर ‘इंडिका’ जातीचं असं कौतुक केलं होतं की पद्माकरला देशाचा अभिमान वाटला. ‘कॅनाबिस’ हे झेंडूचं लॅटिन नाव असणार, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं. (गांजा असं कुणी सरळ लिहिलं असतं, तर त्यालाही कळलं असतं.) त्याने चौदा पानं छापली आणि मीटिंगला पळताना सात प्रिंटरवरच विसरला.

उपाय सुरू झाले. खत बंद, पाणी अर्धं, आणि रोज बारा तास पूर्ण काळोख. कॉरिडॉरचा दिवा रात्रभर चालू, म्हणून संध्याकाळी सहालाच कुंड्यांवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चढू लागल्या. शेजारी सगळे बघतात, मला लाज वाटते लाह, असं त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने, इराने, शाळेत उचललेला ‘लाह’ जोडून सांगून पाहिलं. नीताने तर या विषयावर बोलणंच सोडलं.

शुक्रवारी एचआरच्या मिस ओंगनी त्याला बोलावलं. समोर ती सात पानं, शेजारी सिक्युरिटीचे वयस्कर अंकल. ही झाडं तुमच्या घरी आहेत का, असं त्यांनी विचारताच पद्माकर खुलला.

“अकरा आहेत.”

“विकता?”

“छे, सणाला लागतात. ओळखीच्यांत वाटतो. मुलांनाही देतो. आपल्या सर्व्हरलासुद्धा दरवर्षी मीच घालतो.”

मिस ओंगचं पेन थांबलं. हा गांजा आहे हे तुम्हाला माहीत आहे ना, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

अमली पदार्थांना इथे काय शिक्षा असते, हे पद्माकरने विमानातल्या फॉर्मवर लाल अक्षरांत वाचलेलं होतं. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, जाणं ही त्यातली सगळ्यात सुखाची शक्यता. “झेंडू, झेंडू,” एवढंच तो म्हणत राहिला. मिस ओंगनी तेही नवीन नाव काळजीपूर्वक लिहून घेतलं. पोलिसांना कळवण्याआधी झाडं पाहायची, असं ठरलं.

तिघं टॅक्सीने घरी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. इराने वडिलांच्या शिस्तीप्रमाणे पिशव्या चढवूनच ठेवल्या होत्या. त्या काळ्या रांगेकडे पाहून मिस ओंग दोन पावलं मागे सरल्या. नीताने सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, याला तुळससुद्धा जगवता येत नाही,” ती इंग्रजीत म्हणाली आणि तिने एकेक पिशवी ओढून काढली.

आठवडाभर प्लास्टिकमध्ये उकडलेली रोपं पिवळी पडून माना टाकून उभी होती. अंकलनी एक पान चुरगळलं, वास घेतला, कळीला बोट लावलं. ती गळून पडली. हे काय आहे, असं त्यांनी विचारल्यावर पद्माकर रडवेल्या आवाजात “मेरीगोल्ड” म्हणाला. अंकलनी एकदा रोपाकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग मिस ओंगना बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटले, आणि दोघं निघून गेले.

सोमवारी मेल आला. पास वाचला होता. मिस ओंगनी लिहिलं होतं: ‘पाहणीत कोणतीही बेकायदा वनस्पती आढळली नाही. मात्र ती फुलझाडं आहेत, हा कर्मचाऱ्याचा दावाही सिद्ध होऊ शकला नाही.’ प्रत सगळ्या टीमला होती.