बाराशे जागा, एक्केचाळीस माणसं

अणदूरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या शांतेश्वर महाविद्यालयात बास्केटबॉलचं नवं सभागृह बांधून झालं आणि क्रीडाशिक्षक मल्लिनाथ सरांच्या घशाखाली भाकरी उतरेनाशी झाली. सभागृहात खोट काढायला जागा नव्हती. लाकडी मैदान इतकं गुळगुळीत होतं, की शिपाई ईरण्णा त्यावर पाय ठेवायच्या आधी तळवे पुसायचा. तिन्ही बाजूंनी चढत गेलेल्या निळ्या खुर्च्या, मोजून बाराशे. सरांची अडचण त्या बाराशेचीच होती. कॉलेजच्या मॅचला आजवर आलेल्या प्रेक्षकांचा उच्चांक होता सतरा, आणि त्यातले चौघे पाऊस आला म्हणून शेडखाली शिरले होते.

आता विद्यापीठाचं पत्र आलं होतं. डिसेंबरातली मुलींची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा या नव्या सभागृहाला द्यायचा विचार आहे, पण आधी एक सराव सामना भरवा, आमचे निरीक्षक येऊन प्रेक्षक मोजतील. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की स्पर्धा दुसरीकडे जाणार, हे पत्रात लिहिलं नव्हतं, पण सरांना कळलं होतं.

सरांना स्पर्धा हवी होती ती वैष्णवीसाठी. वैष्णवी तीन वर्षं संघाची कॅप्टन होती, हे तिचं शेवटचं वर्ष. पोरगी पाच जिल्ह्यांत खेळून आली, पण आपल्या माणसांसमोर एकदाही खेळली नव्हती. तिची आई गिरिजाबाई मागे एकदा फी भरायला आली तेव्हा म्हणाली होती, "सर, म्या तीन वर्सं नुसता तिचा ड्रेस धुतलाय. खेळ कसा असतो ते काय बघितलं न्हाय." ते वाक्य सरांच्या मनातून जात नव्हतं.

त्यांनी सामन्यासाठी रविवार निवडला. रविवारी अणदूरच्या खंडोबाला गर्दी असते, त्यातली थोडी इकडे वळली तरी पुष्कळ झालं. दवंडीसाठी दादामियाँची भोंगा लावलेली रिक्षा ठरवली. दादामियाँनी सरांनी लिहिलेला कागद वाचला आणि मान हलवली.

"ये न्हाय चलणार, सर. 'सर्वांना मोफत प्रवेश' म्हनलं की लोकं म्हनतात, जाऊ की सवडीनं. म्या तीस वर्सं भोंगा वाजवायलोय. जागा कमी हाय म्हना. मंग बघा!"

"अहो, बाराशे जागा आहेत!"

"ते तुमाला ठाव. लोकांला कुठं ठाव हाय?"

सरांनी जरा घुटमळून कागद बदलला. मग चार दिवस पंचवीस गावांत दादामियाँचा आवाज घुमला, "फकस्त मोजक्याच जागा! आधी येईल त्याचीच जागा! मागून तक्रार ऐकली जाणार न्हाय!"

रविवारी सकाळी आठ वाजता सर तोंड धूत होते, तोच ईरण्णाचा फोन आला.

"सर, हौसफुल झालं."

"काय? आत्ता? मॅच चारला आहे ईरण्णा! किती माणसं आलीत?"

"आलती. गेली."

सर तसेच स्कूटर काढून निघाले. सभागृहात माणूस एक नव्हता आणि खुर्ची एक मोकळी नव्हती. खुर्च्यांवर दस्त्या पसरल्या होत्या, म्हणजे आपले हातरुमाल. टॉवेल होते, टोप्या होत्या, एकेका पायाच्या चपला होत्या, मेथीच्या जुड्या होत्या. वरच्या ओळीत पंधरा-वीस दगड शिस्तीत मांडून ठेवले होते. पुढच्या पाहुण्यांच्या सोफ्यावर पाण्यानं भरलेली कळशी होती. डाव्या बाजूच्या दोन ओळींवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लुगडी अंथरली होती.

आता हे दुसऱ्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगावं लागेल. एसटीच्या खिडकीतून आत दस्ती टाकली की जागा धरली. टँकरच्या रांगेत कळशी ठेवली की नंबर लागला, रेशनच्या रांगेत दगड ठेवला की माणूस घरी जाऊन जेवून येतो. धरलेल्या जागेला कुणी हात लावत नाही, लावला तर मग त्या माणसाचं काही खरं नाही. आणि एकदा जागा धरली म्हणजे घाई कसली? सकाळच्या जीपनं आलेली मंडळी खुर्च्या धरून निवांत झाली. कुणी देवळात गेलं, कुणी बाजारात, कुणी लेकीच्या सासरी. बरेच जण तर वस्तू दुसऱ्याजवळ पाठवून स्वतः घरीच होते.

सर आधी खूश झाले. ईरण्णाला त्यांनी चहासुद्धा पाजला. साडेतीनपर्यंत मात्र त्यांच्या अंगाला घाम सुटला. दुपारी राखणीला येऊन बसलेले मोजके सोडले तर धरणारे परतले नव्हतेच, शिवाय जे वेळेवर आले ते दारातून आत डोकावत, "अरारा, समदं भरलंय की!" म्हणत आणि माघारी जात. सर त्यांच्या मागे धावत. "अहो या, बसा!" तर लोक म्हणत, "नगं सर. दुसऱ्याच्या जागंवर कसं बसावं?"

पावणेचारला निरीक्षक डॉ. कृष्णराज आले. वाळकुडा, नियमाचा माणूस. बगलेत फाइल होती. सर त्यांना सोफ्याकडे घेऊन गेले, तिथं कळशी. शेजारी खुद्द प्राचार्य उभे होते.

"कळशी कुणाची आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"ठाऊक नाही," प्राचार्य हळूच म्हणाले, "पण काठोकाठ भरलेली आहे."

कळशी हलवावी आणि नव्या लाकडी मैदानावर पाणी सांडावं, एवढी छाती तिघांचीही झाली नाही. निरीक्षक डाव्या बाजूला वळले. तिथं लुगड्यांच्या राखणीला गिरिजाबाई दुपारपासून मांडी ठोकून बसली होती.

"बाई, ही जागा रिकामी आहे का?"

"न्हाय. माणूस हाय."

"कुठं आहे?"

"देवळात."

"आणि ही?"

"ही माज्या जावंची. ती घरी भाकऱ्या थापायली, एवढ्यात यील."

"आणि ही वरच्या ओळीतली? हिच्यावर तर दगड आहे."

"दगडाला हात लावू नका सायेब! ईट गावचे पाव्हणे हायेत त्ये. येरमाळ्याला त्यांची जीप पंक्चर झालीय. आता फोन आलता."

निरीक्षक हट्टाला पेटले. ते प्रत्येक ओळीत चढले आणि राखणीला बसलेल्या प्रत्येक माणसाला विचारत सुटले. सगळीकडे एकच उत्तर, "न्हाय, धरलेली हाय." तेवढ्यात बरोब्बर चार वाजले, शिट्टी झाली. निरीक्षकांनी उभ्या उभ्याच तक्ता भरला आणि सही केली. सरांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. प्रेक्षक : ४१. रिकाम्या जागा : शून्य. आसनक्षमतेचा रकाना कोराच होता.

"सर, इथं बाराशे लिहा ना," मल्लिनाथ सर काकुळतीला आले.

"तो रकाना आमचं ऑफिस भरतं."

"आणि रिकाम्या जागा शून्य?"

"मला एकही मिळाली नाही," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "मिळाली असती तर लिहिली असती."

एक्केचाळीस! सरांच्या डोळ्यांपुढे डिसेंबर गेला, स्पर्धा गेली, वैष्णवीचं शेवटचं वर्षही गेलं. मग मात्र त्यांचं डोकं फिरलं.

"ईरण्णा! उचल हे सगळं! दस्त्या, चपला, दगड, सगळं! दारातली माणसं आत घे!"

"अय्यो सर," ईरण्णा दोन पावलं मागे सरकला, "धरल्याल्या जागंला हात? माझं रिटायरमेंट जवळ आलंय."

सरांनी स्वतःच सुरुवात केली. ओळीमागून ओळ खरवडत, बॉल ठेवायच्या जाळीत सगळं कोंबत ते निघाले. लुगड्यांपाशी गिरिजाबाईची नजर पाहून तेवढ्या दोन ओळी त्यांनी सोडल्या. बाहेर रिक्षात डुलकी घेणाऱ्या दादामियाँना कुणीतरी गडबडीनं उठवलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि आपलं कर्तव्य ओळखून भोंगा सुरू केला.

"ऐका हो ऐका! कॉलेजात जागा काढायलेत! धरलेल्या जागा काढायलेत!"

हे शब्द देवळात, बाजारात आणि फाट्यावरच्या हॉटेलांत पोचायला पाच मिनिटं लागली असतील. मग रस्ता माणसांनी भरला. प्रसादाचं पान हातात घेऊन बाया धावत आल्या. एक जण तर अर्धी दाढी करून आला, गळ्यात न्हाव्याचं फडकं तसंच. चार वाजून वीस मिनिटांनी सभागृहाच्या दारात हजार माणसं उभी होती आणि सगळी एकच विचारत होती, "माजी जागा कोण काढली?"

"अहो, कुठंही बसा! खुर्च्या मोकळ्या आहेत!" सर ओरडले.

"कुठंबी कसं बसावं? माजी दस्ती कुठंय? दस्ती होती तीच माजी जागा!"

शेवटी सरांनी दारातच फतकल मारली, जाळी उलटी केली आणि एकेक वस्तू उचलून दाखवायला लागले. "निळ्या काठाची दस्ती? ... ही डाव्या पायाची चप्पल? ... मेथी कुणाची आहे?" पांढऱ्या दस्त्या साडेतीनशे निघाल्या आणि त्यांना मालक निघाले चारशे. दगडांवरून तर दोन गावांत भांडणच लागलं, कारण दोन्ही गावांना तोच दगड ओळखू येत होता.

ज्याची वस्तू मिळेल तो आत जाई आणि आत आवाज वाढत जाई. कोणता संघ कुणाचा, हे पहिली दहा मिनिटं कुणालाच कळलं नाही, त्यामुळे कुठल्याही टोपलीत बॉल पडला की सगळे टाळ्या वाजवत होते. मग गिरिजाबाईनं उठून बोटानं दाखवलं, "त्यी लाल ड्रेसवाली माजी!" त्यानंतर लाल ड्रेसनं बॉल नुसता हातात घेतला तरी पत्रे हादरत होते. सर मात्र दारात पाठमोरे बसलेले. एक दस्ती सरकली की तिच्या जागी दुसरी.

शेवटच्या मिनिटाला आतून असा गजर उठला, की सरांच्या हातातली टोपी खाली पडली. आपण जिंकलो, हे त्यांना आवाजावरूनच कळलं. आणि आपण यातलं काहीच पाहिलं नाही, हेही त्याच क्षणी कळलं. दोन महिने ज्याच्यासाठी झोप घालवली, तो सामना त्यांच्या पाठीमागे होऊन गेला होता. सरांना भडभडून आलं.

वैष्णवी घामानं निथळत धावत आली. "सर, बघितलं का? शेवटचा बॉल मैदानाच्या मधूनच मारला! अठ्ठेचाळीस-सत्तेचाळीस!"

"बघितलं की," सर खोटं बोलले. "झकास!"

तिच्या मागोमाग गिरिजाबाई आली. पदरानं डोळे पुसत होती आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. "बया बया, काय पळती ही पोर! सर, आता ड्रेस धुताना कळंल तरी, घाम कशाचा हाय ते."

सरांनी शेवटचा प्रयत्न म्हणून निरीक्षकांना गाठलं. "सर, आता मोजा. पाया पडतो."

"मोजणी चार वाजताची," निरीक्षक म्हणाले. मग फाइल बंद करत म्हणाले, "पण तीस सभागृहं पाहिली मी. शेवटपर्यंत उभं राहायची वेळ आजच आली." सरांना एवढ्यावरच पुन्हा आशा वाटायला लागली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. प्राचार्यांनी ते मोठ्यानं वाचलं. 'आपल्या सभागृहाची एकूण आसनक्षमता ४१, उपस्थित प्रेक्षक ४१, रिकाम्या जागा शून्य. शंभर टक्के उपस्थिती नोंदवणारं आपलं महाविद्यालय विद्यापीठात पहिलंच आहे. हार्दिक अभिनंदन. तथापि एवढ्या लहान सभागृहास बास्केटबॉल स्पर्धा देता येत नाही. त्याऐवजी आंतरमहाविद्यालयीन बुद्धिबळ स्पर्धेचं यजमानपद आपणांस देण्यात येत आहे.'

सरांनी तिथल्या तिथे विद्यापीठाला फोन लावला. पलीकडचा कारकून अतिशय नम्र होता.

"सर, आकडे निरीक्षकांचे आहेत, सही आहे. एक्केचाळीस अधिक शून्य किती होतात?"

"एक्केचाळीस," सर म्हणाले.

"मग?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सर बाहेर पायरीवर येऊन बसले. तेवढ्यात फाटकातून गिरिजाबाई आली, सोबत जाऊ आणि गावातल्या चार बाया.

"सर, डिसेंबरची तारीख कळली का?"

"कळली. पण बास्केटबॉल गेला, गिरिजाबाई. बुद्धिबळ दिलंय."

"त्ये काय असतं?"

"दोघं समोरासमोर बसतात आणि सोंगट्या हलवतात. कुणी बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत."

"पळत न्हाईत?"

"नाही. खेळणारेही बसूनच खेळतात."

गिरिजाबाईनं जावेकडे पाहिलं. जावेनं मान डोलावली.

"मंग सर," गिरिजाबाई काळजीच्या सुरात म्हणाली, "त्या खेळणाऱ्यांला आत्ताच सांगून ठिवा. बसूनच खेळायचं असंल तर लवकर येऊन जागा धरा म्हनावं. आमच्या गावची मानसं सकाळी सातलाच येणार हायेत."